पिंपाखालच्या विटा

"एकच काडेपेटी?" रोहिणीच्या पिशवीतून हात बाहेर काढत कृष्णाबाईने विचारलं. "आनि ती पन अर्धी. पाच दिवसांचा गणपती हाय गो, वाढदिवस नाय."

"लायटर पन आणलाय, आई."

"मग लायटरने समई लाव."

सून गप्प बसली. तिचं हे गप्प बसणंही कृष्णाबाईला आवडत नसे. रोहिणी वरसे गावातल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायची, तिचा नवरा सुशील कंपनीत शिफ्टला जायचा. ब्लॉकमध्ये नळ होता, फ्रीज होता, पण वीज गेली की दोघं मोबाइलची बत्ती पेटवून एकमेकांची तोंडं बघत बसायची. मीठ संपलं की आठवण व्हायची, सिलिंडर संपला की नंबर लावायचा. असल्या संसाराला कृष्णाबाई संसार म्हणायलाच तयार नव्हती.

तिच्या कासू गावातल्या घरात आषाढ लागायच्या आत सगळं जागच्या जागी असे. मोदकांचे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून डब्यात. वाती वळलेल्या. सुकी लाकडं पडवीत आढ्याला. पत्र्याच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, एक ना दोन, चांगल्या अकरा. मिठाच्या पुड्या तर इतक्या, की अर्ध्या आळीला पुरतील. गणपतीत दोन-दोन दिवस वीज नसायची तेव्हा शेजारच्या बाया वाटी घेऊन हिच्याच दारात येत, आणि देता देता ही त्यांना चार शब्द ऐकवीत असे. फुकट काही देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ती तांदूळ काढायला माजघरात गेली आणि तिथूनच ओरडली. "पिंपाखाली ह्या विटा कोनी घातल्या?"

"मीच घातल्या. मागं आले होते तेव्हा. खाली ओल होती."

"माझ्या घरातली ओल मला कळत नाय व्हय? उंदरांची सोय केलीस." कृष्णाबाईने शेर भरून घेतला. "तुझ्या घरात ठेव विटा. तिथं शोभतील."

रोहिणीने आपल्या लेकीला, पिंकीला, मखराजवळ बसवलं, मोबाइल बाजूला ठेवायला सांगितलं आणि छत्री घेतली. उद्या चतुर्थी; आज सुशीलची पहिली शिफ्ट, तो संध्याकाळी परस्पर येणार. पेणहून गणपती आणायला दोघीच निघाल्या, शिवाच्या रिक्षातून.

कृष्णाबाईचा नवरा बाबाजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्यामागे हा गणपती तिनेच आणला. पहिल्या वर्षी भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा ती म्हणाली होती, की तुमच्यापैकी कुणाला नागपंचमीला पाट पोचवायची आठवण राहिली तर तुम्ही आणा. कुणी पुढे आलं नाही. घरचा लाकडी पाट नागपंचमीला पेणला कारखान्यात द्यायचा, त्याच्यावरच मूर्ती घडायची, आणि त्याच पाटासकट ती घरी यायची. पाटाच्या कडेवर बाबाजीने स्वतः लाल रंगाने नाव घातलं होतं. असा पाट असणं म्हणजे घर असणं, एवढं तिचं साधं मत होतं.

मूर्तिकार काळुरामच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक शहरी जोडपं मोबाइलमधलं चित्र दाखवून तसाच गणपती मागत होतं. कृष्णाबाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाट कुठाय तुमचा?" तिने विचारलं.

"पाट? तो देतात ना इथेच," बाई म्हणाली.

कृष्णाबाई हसली. ते हसू झेलणं सोपं नव्हतं. ती बाई नवऱ्याच्या मागे सरकली.

काळुरामने आतून मूर्ती आणली. डाव्या सोंडेची, हातभर, दरवर्षीसारखी. कृष्णाबाईने डोळ्यांची रेघ पाहिली, बोटं मोजली आणि मान हलवली. मग सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "काळुराम, हिला जरा सांग पाटाचं. या पोरींना सगळं आयतं हातात लागतं. मी नागपंचमीला आनून दिला म्हनून आज गणपती हाय."

"काकी, पाट तर वहिनींनीच आनला," काळुराम सहज म्हणाला. "नागपंचमी होऊन आठ दिवस झाले होते. मी म्हटलं, आता नाय घेत, शाडू सुकनार कधी? तर दुपारभर हितंच बसून राहिल्या. शेवटी घेतला."

"काळूदादा, वर घालायला प्लास्टिक द्या," रोहिणी घाईघाईने म्हणाली.

"मी दिलाय पाट."

"तो गेल्या सालाला, काकी."

कृष्णाबाई त्याला चांगलं फैलावर घेणार होती. तेवढ्यात तिची नजर पाटावर गेली. नाव तेच होतं. पण मूर्तीच्या पायाशी, लाकडावर, गंजाचा अर्धा गोल उमटला होता. घासूनही न गेलेला. पिंपाच्या बुडाएवढा.

यंदा आषाढात ओटीपर्यंत पाणी चढलं होतं, तेव्हा पिंप उचलून कशावर तरी ठेवलं होतं. कशावर, ते तिला आत्ता कळलं. आणि नागपंचमीला पेणला जाऊन आल्याचं तिला इतकं स्वच्छ आठवत होतं, की काळुरामच्या घरचा चहासुद्धा जिभेवर होता. तो चहा गेल्या वर्षीचा होता.

तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. सवयीने तिने सुनेत काही खोट शोधली. सापडली नाही. मग तिला तो पत्र्याचा डबा आठवला. अकरा काडेपेट्या. आपण इतक्या कधी आणि कशाला आणल्या, हे काही केल्या आठवेना.

रिक्षात ती नेहमीच्या जागी बसली. काळुरामने मूर्ती पुढे केली, तसे तिने हात मागे घेतले.

"हिच्याकडे दे."

"आई, दरवर्षी तुम्हीच घेता."

"गुडघे दुखतात माझे. घे."

रोहिणीने पाट मांडीवर घेतला, पदर सारखा केला. रिक्षा हायवेला लागली.

"सुशीलला सांगितलंस?"

"नाय."

"का गो?"

"तुम्ही फोनवर म्हनालात, दिला. मग दिलाच." रोहिणी बाहेर बघत म्हणाली. "तांदूळ काढताना पिंपाखाली पाट दिसला मला. तो काढला तर पिंप हलत होतं, म्हनून विटा घातल्या."

कृष्णाबाईला सुनेला बरं म्हणायचं होतं. पण तसे शब्द तिने कधी साठवून ठेवले नव्हते.

"नीट धर," ती खेकसली. "खड्डे हायत पुढं."

रोहिणी नीटच धरून बसली होती. कृष्णाबाईचे हात रिकाम्या मांडीवर पडले होते, आणि खड्डा आला की दोन्ही हात आपसूक वर उचलले जात होते.