बटाटे लावायचा दिवस

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे, जर्मन शिपायाच्या डोक्यावरचा, पोलादी. कारखान्यात मला घडवलं तेव्हा म्हणे आम्ही जग जिंकणार होतो. जग राहिलं बाजूला. १९४५च्या एप्रिलमध्ये माझा शिपाई मला बव्हेरियातल्या एका गावात रस्त्याकडेच्या चरात फेकून पळाला.

त्या चरातून मी सगळं पाहिलं. पहारेकरी छळछावणीतल्या कैद्यांची रांग हाकत आले. त्यांतला एक पोलिश तरुण तिथल्या एका शेतकऱ्याच्या, कोर्बिनियानच्या, दारात पाणी मागत बसला. आतून कडी लागली. पहारेकऱ्याने त्याला गोळी घातली. संध्याकाळी कोर्बिनियानने शेजाऱ्यांना घेऊन त्याला कुरणाच्या कडेला पुरलं. परतताना त्याने मला उचललं, दांडा ठोकला आणि गोठ्यामागच्या खड्ड्यातलं शेणमूत उपसायला लावलं. खरं सांगतो, त्याच्या बैठकीपेक्षा तो खड्डा स्वच्छ होता.

युद्ध हरल्यावर गावाने एक वाक्य ठरवलं. "आम्हाला काही माहीत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे बटाटे लावत होतो." कोर्बिनियानच्या बायकोचा, क्रेसेंझचा, मुलगा रशियात गोठून मेला होता. तिला त्याच्यासाठीही मोकळेपणी रडू दिलं नाही. एका मेलेल्याची आठवण काढली की दुसऱ्याची निघेल, अशी या शूरांना भीती!

बारा वर्षांनी त्या तरुणाची बहीण हालिना आली. छावणीतून वाचलेल्या कुणी तिला गावाचं नाव सांगितलं होतं. सहा घरांत तिला तेच बटाटे मिळाले. सातवं घर आमचं.

"बाई, आमचंही काय कमी गेलं?" कोर्बिनियान अंगणात म्हणाला. "आता कशाला उकरून काढायचं?"

"मला फक्त जागा दाखवा हो," हालिना म्हणाली. "एक मेणबत्ती लावते नि जाते."

तेवढ्यात त्याची सहा वर्षांची नात आफ्रा पुढे आली आणि पाढे म्हणावेत तशी म्हणाली, "आम्हाला काही माहीत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे बटाटे लावत होतो!"

"तू कुठं होतीस गं तेव्हा?" हालिनाने विचारलं.

कोर्बिनियान खो खो हसला. क्रेसेंझ हसली नाही.

"हिलाही शिकवलंत? जळोत तुमचे ते बटाटे!" ती नवऱ्यावर कडाडली.

तिने हालिनाचा हात धरून तिला कुरणाच्या कडेला नेलं. "इथं आहे तुमचा भाऊ. पाणी मागत होता. कडी मी लावली होती."

तेव्हापासून गाव क्रेसेंझशी बोलत नाही. खुन्यापुढे ज्यांच्या तोंडून ब्र निघाला नाही, ते तिच्यावर मात्र रुसलेत! मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. मला खुशाल गंज खाऊ दे. पण घरातली सगळी मोठी माणसं एकच वाक्य म्हणू लागली, तर तेवढं पाठ करू नका.