तिसऱ्या ओळीतला थांबा

आमच्या चिमुकल्या देशाच्या राष्ट्रगीतात तिसऱ्या ओळीनंतर सगळे क्षणभर गप्प होतात, त्यावरून आमच्या गल्लीत पैज लागली. खालचा सलूनवाला म्हणाला, तो थांबा हुतात्म्यांसाठी आहे, चाल लावणाऱ्यानं मुद्दाम ठेवलाय. मी म्हणालो, कसले हुतात्मे, पहिल्यांदा वाजवताना कुणीतरी माती खाल्ली असणार. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी साधा वायरमन. पण समोरचा गंभीर झाला की माझी जीभ वळवळते.

हरणाऱ्याची अर्धी मिशी भर रस्त्यात उतरवायची, असं ठरलं. सलूनवाल्याची मिशी म्हणजे जागा चुकलेली भुवई. माझी मात्र अशी झुबकेदार, की लोक आधी तिला नमस्कार करतात, मग मला.

निवाडा माझ्या सासऱ्यांकडे. तरुणपणी ते सरकारी बँडात ट्रंपेट वाजवायचे आणि राष्ट्रगीत पहिल्यांदा रेडिओवर गेलं तेव्हा पुढच्याच रांगेत होते. पंच घरचाच, म्हणून मी निर्धास्त. तरी आदल्या दिवशी त्यांच्या कानात सांगून ठेवलं, 'कुणीतरी चुकला' एवढंच म्हणा. ते नुसते बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं, मोठ्यानं.

रविवारी सगळी गल्ली सलूनसमोर जमली. सासरे कडक इस्त्रीचा कोट घालून आले, छातीवर बँडाचा बिल्ला. म्हणाले, थांबा हुतात्म्यांसाठीच आहे. टाळ्या पडल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं मी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाबा, घरच्या माणसाचा असा गळा कापतात?"

"जावईबापू, तुमचंच खरं आहे," ते हळूच म्हणाले. "ट्रंपेट फुंकून फुंकून आत थुंकी साठते, मग सुरांऐवजी गुळण्या ऐकू येतात. तिसऱ्या ओळीला माझ्या सुरू झाल्या. मी थांबलो, ट्रंपेटची कळ दाबून थुंकी काढून टाकली. बाकीचे माझ्यावर नजर ठेवून वाजवायचे, तेही थांबले. तसंच रेडिओवर गेलं. तेव्हापासून अख्खा देश थांबतोय."

"मग बाहेर सांगा ना."

"तुमच्या सासूबाई शेवटपर्यंत त्या थांब्याला डोळे पुसायच्या. त्यांचा भाऊ लढाईवरून परत आला नव्हता. त्यांना कधी सांगितलं नाही मी. आता सलूनवाल्याला सांगू?"

हुकमाचा एक्का हातात आणि खेळायची सोय नाही. असला भारी किस्सा मी आयुष्यात कधी पोटात ठेवलेला नाही. माझ्या पोटाला ती सवयच नाही.

बाहेर जाऊन खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "हरलो. चालव वस्तरा."

हा गडी सावकाश एकेक केस काढतोय आणि जमलेल्या पोरासोरांना हुतात्म्यांचं महत्त्व सांगतोय. वर गॅलरीत बायको पदर तोंडाला लावून उभी. मध्येच सलूनवाला मला म्हणाला, "हलू नकोस, लागेल." मी हलत नव्हतो, हसू दाबत होतो. सासरे स्वतःहून पुढे येऊन आरसा धरून उभे राहिले होते, पण आरसाच इतका गदागदा हलत होता, की मला माझी उरलेली मिशी काही दिसेना.