सीटवरचं पोतं

आपलं यंत्र आपल्याला दुरुस्त करू द्या, एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या लेकीनं जितकी तोंडाची वाफ दवडली, तितकी मी उभ्या संसारात दवडली नसेन. आणि माझं तोंड काही कमी चालतं असं नाही. जिथे जाईल तिथे तिचं एकच पालुपद, "यंत्र ज्याचं, किल्ली त्याची. कंपनीचं कुलूप कशाला?" हार्वेस्टर आमचा, पण त्यातला बोटभर भाग बदलला तरी कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडेपर्यंत तो ढिम्म हलायचा नाही. आणि तो माणूस म्हणजे उंबराचं फूल! इकडे गव्हाचे दाणे शेतातच गळायचे. शेवटी एकदाचा कायदा झाला आणि कंपनीला ते सॉफ्टवेअर झक मारत सगळ्यांना द्यावं लागलं.

यंदा ऐन कापणीत हार्वेस्टर अडला, तेव्हा लेक स्वतःच लॅपटॉप घेऊन शेतात आली. दोष सीटमध्ये निघाला. सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा उठला की कापायची पाती आपोआप थांबतात, म्हणजे चालू पात्यांत कुणी हात घालू नये. तो स्विच पार चेपला होता.

"बाबा, यावर काय ठेवलं होतं?"

"वाळूचं पोतं," आमचे हे म्हणाले. लाज नाही, शरम नाही. "पात्यांत काडी अडकली की पोतं सीटवर टाकायचं आणि खाली उतरून काडी ओढायची. यंत्राला वाटतं, मालक बसलेत! पुन्हा बंद-चालू करायची कटकट नाही."

यंत्राला चकवल्याचा कोण अभिमान! लेकीनं नवा स्विच बसवला आणि ती पाती साफ करायला बसली. आत गुंडाळलेली एक चिंधी तिनं ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

निळ्या चौकड्यांचं कापड होतं, त्याला एक बटण. पांढरा दोरा संपला म्हणून मीच ते काळ्या दोऱ्यानं लावलं होतं. सदऱ्याची बाही कुंपणाच्या तारेला अडकून फाटली, असं मला सांगितलं होतं यांनी. मी आधी यांचा हात बघितला, मग दुसराही बघितला. राग नंतर आला.

"अहो, हे काय?"

"थोडक्यात वाचलो ना! झालं गेलं." आणि लगेच लेकीकडे वळले, "स्विच बसवलास ना? आता ते सीटचं लचांड बंदच करून टाक. आपलं यंत्र, आपली किल्ली. तूच म्हणत होतीस."

मी लेकीच्या खांद्यावरून बघत होते. पडद्यावर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, 'सीटचा स्विच बंद करा.' दुसऱ्यापुढे, 'सीटवर हालचाल नसल्यास पाती थांबवा.' तिचं बोट पहिल्यावर जरा थांबलं. मग तिनं दुसऱ्यावर खूण केली आणि माझ्याकडे बघितलं. मी चिंधी पदराखाली घेतली.

"नाही होत बाबा," ती म्हणाली. "तेवढं कंपनीनं अजून कुलपातच ठेवलंय."

"चोर लेकाचे!" हे उसळले. "कायदा झाला तरी मुजोरी जात नाही! तू पुन्हा सभा घे. मी पहिल्या रांगेत बसतो."

"घेऊ या," लेक म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला होता की मला तिची दया आली. ज्या कुलपापायी तिनं कंपनीला इतकी वर्षं धारेवर धरलं, तेच आता तिनं बापाला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन शेतात गेले तर यांचा आरडाओरडा बांधापर्यंत ऐकू येत होता. काडी अडकली होती, पोतं सीटवर होतं आणि पाती थांबली होती.

"अगं, आता पोतंसुद्धा ओळखायला लागलं हे! हाडवैरी आहेत माझे कंपनीवाले!"

शेवटी यंत्र पूर्ण बंद करून हे खाली उतरले. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि काडी ओढत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

"घाला शिव्या," मी म्हटलं. "पोटभर घाला."