माडीवरचं वजन

"पुन्हा रंधा काढलात?" मी ओले हात पुसत विचारलं.

"जरासं अडकतंय गं. दमट हवेनं लाकूड फुगतं."

"मागच्या खेपेला तर थंडीनं आक्रसलं म्हणाला होतात. एकदा काय ते ठरवा."

ह्यांनी रंध्याचं पातं फुंकून साफ केलं. आतल्या खोलीचं सरकतं दार खाचेतून काढून ओसरीवर आडवं टाकलं होतं आणि त्याच्या वरच्या कडेवर ह्यांचा रंधा चालला होता. लाकडाची पातळ साल गुंडाळ्या होऊन चटईवर पडत होती. दार फुगत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चौकट खाली येत होती. ती जितकी खाली येई तितकं दार हे तासत, आणि आमचं घर सुरळीत चाले. आता ते दार एका बाजूनं चांगलं दोन बोटं आखूड झालं होतं.

चौकट खाली येणार नाही तर काय होईल? माडीवर ह्यांच्या रेकॉर्डी होत्या ना! चार भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर ठासून भरलेल्या, टँगो ह्या दक्षिण अमेरिकेतल्या नाचाच्या संगीताच्या रेकॉर्डी. जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या याइझु बंदरातून ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटी पार दक्षिण अमेरिकेपर्यंत जायच्या, आणि जाताना बर्फ घ्यायच्या तो ह्यांच्या कारखान्यातून. हे तिथे यंत्रांवर होते. कुणाची बोट तातडीनं निघायची असली की हे रात्रपाळी करून बर्फ काढून देत, आणि बदल्यात म्हणत, "तिकडे उतरलास तर एक रेकॉर्ड आण." खलाशी बिचारे काय हाताला लागेल ते आणत. एकानं फुटबॉलच्या सामन्याचं समालोचन आणलं. हे तेही जपून ठेवायचे. म्हणायचे, "अर्ध्या जगातून आणलंय त्यानं. त्याला काय कळतं त्यातलं!"

मी त्या रेकॉर्डींना सवती म्हणायची. "जा, सवती वाट बघतायत," असं जेवण झाल्यावर मीच म्हणायची. पण सवत निदान डोक्यावर येऊन बसत नाही. ह्या माझ्या खरोखरच डोक्यावर होत्या, कारण आम्ही खालच्या खोलीत झोपायचो.

मोठा भूकंप येणार, येणार, असं मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे. शाळेत कवायत, गल्लीत कवायत, पालिकेची पत्रकं. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, जुन्या नियमांतलं, नुसतं लाकडाचं. मी उशाशी बूट ठेवून झोपायची आणि गळ्यात शिटी बांधायची, ढिगाऱ्याखालून फुंकायला. हे हसायचे. मला हसू येत नसे. कडी वाजली तरी मी उठून बसायची, आणि हे माझ्या शेजारी घोरत असायचे.

आणि आता चिहारु येणार होती. आमची एकुलती एक पोर, पहिलटकरीण, सैतामाहून बाळंतपणाला माहेरी. बाळंतिणीला जिना चढवायचा नाही, म्हणून खालचीच खोली द्यायची. म्हणजे रेकॉर्डींच्या दोन टन वजनाखाली माझी लेक आणि तिचं बाळ.

"आई, बाबांच्या रेकॉर्डी विकल्या का गं?" तिनं फोनवर विचारलं होतं. "आमच्याकडे माझा नवरा म्हणतो, त्या वर असताना मी तुला तिथे पाठवणार नाही."

"विकतोय, विकतोय. माणूस येऊन बघून गेला," मी बोलून गेले. कोणीही आलेलं नव्हतं. पण नाही म्हटलं तर ती येणार नव्हती, आणि मला माझी लेक घरी हवी होती.

फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

"ऐकलंत ना?"

"अर्ध्या काढू," हे म्हणाले.

"अर्ध्या वजनानं माणूस अर्धाच मरतो का?"

"कारखान्याची जुनी वखार रिकामी आहे. विचारून बघतो." मग स्वतःच मान हलवली. "नको. तिथे ओल आहे. रेकॉर्डींना ओल चालत नाही."

"मला सगळं चालतं, नाही का!"

हे उठून माडीवर गेले. थोड्या वेळानं वरून व्हायोलिनचा आवाज आला. मी दात-ओठ खात भांडी घासली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रंधा काढला, तो हा असा.

दार बसवून झालं. हे बोटानं सरकवून दाखवायला लागले, "बघ, लोण्यासारखं." मी आत गेले आणि चिहारुसाठी गादी काढायला कपाट उघडलं. दार माझ्यामागे सरकून बंद झालं होतं.

तेवढ्यात माझा फोन किंचाळला. आमच्याकडे तो आवाज तान्ह्या पोरालाही कळतो. "भूकंप आहे, भूकंप आहे," फोनमधली बाई शांतपणे सांगत होती. बाहेर ह्यांचाही फोन ओरडत होता. मला ह्यांची पावलं ऐकू आली, धाडधाड, जिन्यावरून वर.

वर!

मग जमीन हलली. आधी खालून धक्का, मग आडवं हेलकावणं. छतातून माती माझ्या डोळ्यांत पडली. वर फळ्या कण्हत होत्या आणि तुळई एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुरत होती. मी दाराला हात घातला. दार हलेना. खिडकीला बाहेरून जाळी. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. हे म्हणे लोण्यासारखं! माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मी शिटी फुंकली. घर डोलत होतं, आणि मी दाराला टेकून, डोळे मिटून शिटी फुंकत होते.

थांबलं तरी माझी शिटी थांबेना.

"फुमिए! उघडत का नाहीस?" दारापलीकडून आवाज आला.

मी दारावर थाप मारली. ह्यांनी बाहेरून ओढलं, ढकललं. मग दाराच्या लाकडी पट्ट्यांमधला कागद टर्रकन फाटला आणि त्यातून ह्यांचा हात आत आला. मी तो दोन्ही हातांनी धरला. हात गार पडला होता.

"लागलं नाही ना?"

"कुठे गेला होतात?"

"वर."

"कशाला?"

"फळ्या धरायला." फटीतून ह्यांचा एकच डोळा दिसत होता. "फळ्या पडल्या असत्या तर तुझ्याच अंगावर आल्या असत्या गं."

ते खरं होतं की ऐन वेळी सुचलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. ह्यांनी हातोडीनं चौकट ठोकून दार काढलं. मी बाहेर आले आणि तशीच, डोक्यात माती घेऊन, चिहारुला फोन लावला.

"चिहारु, तू येऊ नकोस."

"आई? तुम्ही ठीक आहात ना? आत्ताच बातमीत बघितलं, मी लावणारच होते..."

"आम्ही ठीक आहोत. मी खोटं बोलले होते. रेकॉर्डी आहेत तशाच आहेत. तू ह्या घरात येऊ नकोस. मीच तिकडे येईन."

"अगं, आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं. आता मी सांगते, माहेरी येऊ नकोस." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. पोटच्या पोरीला, तेही अशा दिवसांत, घराचं दार बंद आहे म्हणून सांगणं काय असतं ते आईलाच कळेल. हे मोकळ्या चौकटीपाशी उभे होते. सगळं ऐकत होते.

त्या संध्याकाळी वरून संगीत आलं नाही. सकाळी हे मला न सांगता फोन लावून बसले होते. "हो, सगळ्या," असं म्हणत होते. "नाही, निवडायच्या नाहीत. सगळ्या."

घेणारा नागोयाचा, हात्तोरी नावाचा. यायच्या आदल्या दिवशी हे एक रेकॉर्ड काखेत मारून निघाले. मी म्हटलं, मीही येते. इसोकोबाईंकडे गेलो. त्यांचा खलाशी नवरा ती रेकॉर्ड ह्यांना देऊन पुढच्याच सफरीला गेला आणि बोटीसकट बुडाला. दर वर्षी ओबोनच्या दिवसांत, पितर घरी येतात तेव्हा, इसोकोबाई आमच्या माडीवर येऊन ती एक रेकॉर्ड ऐकत आणि गुपचूप जात.

"माझ्याकडे वाजवायला काही नाही हो," त्या म्हणाल्या.

"वाजवू नका. असू द्या," हे म्हणाले.

त्यांनी रेकॉर्ड नवऱ्याच्या फोटोपाशी उभी केली, धूप लावला आणि मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, "आता मी पुढच्या वर्षी कुठे यायचं?" ह्यांनी नुसतं वाकून नमस्कार केला.  मला वाटलं होतं मी जिंकले म्हणून आनंद होईल. कसला आनंद! मला उलट नवीनच भीती वाटायला लागली, की हे उद्यापासून जगायचे कसे.

हात्तोरी सभ्य माणूस होता. दोन गडी घेऊन आला, जिन्यावर चादरी अंथरल्या, खोक्यांमागून खोकी खाली आणू लागला. मध्येच एक रेकॉर्ड उजेडात धरून म्हणाला, "सोनोदासाहेब, ही मी जन्मात बघितली नव्हती. काही ठेवायच्या असतील तर ठेवून घ्या. दहा-वीस जणी कुणाला जड नाहीत."

"एक ठेवली की दुसरी ठेवावी लागते," हे म्हणाले. "न्या."

मीच म्हटलं, "अहो, ठेवा की दोन-चार. मी काही बोलणार नाही." देवाशपथ, मनापासून म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते फुटबॉलचं समालोचन कुठल्या खोक्यात गेलं, तेवढं मात्र ह्यांनी बघून घेतलं आणि हात्तोरीला बजावलं, "ती फेकू नका. कुणीतरी घेईल."

गाडी वळणापलीकडे गेली. हे रस्त्यात उभे राहिले. शेजारीण झाडलोट करत होती, ती म्हणाली, "बरं झालं बाई, सुटलात." मी हसून हो म्हटलं.

चिहारु आली. वजन उतरल्यावर चौकट वर सरकली आणि सरकत्या दाराला वरून दोन बोटांची फट पडली होती, तिच्यात ह्यांनी लाकडाची पट्टी ठोकून दिली. महिनाभरानं बाळ घरी आलं, मुलगी, लालबुंद आणि रागीट. आम्ही दोघं माडीवर झोपायला गेलो. मला वाटलं, संपलं एकदाचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गळ्यातली शिटी काढून खुंटीला लावली.

पण ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. माडीवर आले की भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. खोलीच्या मधून कधीच नाही. गादी ओढून पार कोपऱ्यात नेली. एकदा मी कपड्यांची टोपली जरा आपटली, तर माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले, "हळू! खाली पोर आहे!"  खोकला आला तरी हे जिना उतरून अंगणात जाऊन खोकायचे.

परवा दुपारी बाळ झोपलं होतं. चिहारु स्वयंपाकघरात मिसोचं सार करत होती. मी वर जायला निघाले तर हे जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसलेले. सपाता काढून हातात धरल्या होत्या.

"इथे काय करताय?"

"काही नाही. ती उठली की जाईन वर."

"पाठ दुखतेय ना तुमची? जाऊन पडा की."

"ती खोली बरोबर तिच्या डोक्यावर येते," हे कुजबुजले.

स्वयंपाकघरातून चिहारुनं डोकं बाहेर काढलं आणि ती तोंड दाबून हसली. "बाबा, तुमच्या अंगावर मांस तरी आहे का! तुमच्यानं काय घर कोसळतंय?"

मला मात्र हसू येईना. मी ह्यांच्या शेजारी बसले. 

"माझ्या डोक्यावर दोन टन ठेवलेत तुम्ही," मी हळूच म्हटलं, बाळ उठू नये म्हणून. "तेव्हा कधी नाही हो घाबरलात?"

ह्यांनी सपाता पायरीवर जोडीनं ठेवल्या.

"रोज घाबरायचो."

"घोरायचात!"

"तू झोपल्यावर घोरायचो. आधी तू झोपलीस का ते बघायचो." ह्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "उद्या काढू, उद्या काढू म्हणायचो. मग बोट यायची, कुणीतरी एक आणून द्यायचं. म्हणायचो, एकानं काय होतंय."

"आता सगळं उतरलंय वरचं. रिकामी खोली आहे ती. तुमचं एकट्याचं वजन ते केवढं?"

"प्रत्येक रेकॉर्ड हलकीच होती गं," हे म्हणाले.

 खाली बाळानं झोपेत कुरकुर केली, ह्यांनी श्वास रोखला, आणि ते पुन्हा झोपलं. मग ह्यांनी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला.

"फुमिए, दोघं एका पायरीवर नको."

मी उठले, आणि आवाज न करता एक पायरी खाली जाऊन बसले.