मेंदी वाळेपर्यंत

शहागंजातल्या रुक्सारच्या कोनातून निघालेली मेंदीची वेल नवरीच्या बोटांवरून कोपराकडं अशी चढायची, जशी कुंपणावर दोडक्याची. पण गंगापूरच्या एका लग्नात तिचा हात थरथरला. नवरीच्या तळहातावर मधोमध टपकन ठिपका पडला, पसरला.

"अपशकुन केलास बाई!" नवरीची मावशी चारचौघींत बोलली.

तेव्हापासून कोन हाती घेतला की आधी तो शब्द यायचा, त्याच्यामागं थरथर.

डॉक्टर म्हणाले, "आजार नाही, काळजी आहे. रोज सकाळी थोडा वेळ गप्प बसा. नुसतं श्वासाकडं बघा."

गप्प बसायला गेली की दूध उतू जायचं, फोन वाजायचा, हात आपसूक कामाला धावायचे. मग तिला धंद्यातलंच सुचलं. नवऱ्या एका जागी कशा बसतात? हात ओले असतात म्हणून! दुसऱ्या दिवसापासून ती आपल्याच तळहातांवर चांद रेखायची आणि वाळेपर्यंत भिंतीला टेकून बसायची.

"रोज मेंदी! दुसरं लगीन काढलंस का गं?" सासू, शकीलाबी, टोमणा मारायच्या.

"नाय अम्मी. पहिलाच नवरा चहा बरा करतो."

"साखर कुठाय?" आतून तोच नवरा, मुनीब, ओरडायचा. रुक्सार हलायची नाही. श्वास यायचा, जायचा. 'अपशकुन'ही यायचा, आगंतुक पाहुण्यासारखा समोर बसायचा. कधी उठून जायचा, कधी जायचाच नाही. पण ती त्याच्यामागं धावायची नाही, एवढं शिकली.

आणि सिल्लोडच्या अदीबाची मेंदी आली. गंगापूरची गोष्ट पसरलीच होती. हीही बिघडली तर पुन्हा कोण बोलावणार? जीपमध्ये ती पिशवीतले कोन पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

बायका दाटीनं बसल्या, फोन वर झाले. रुक्सारनं अदीबाचा हात हातात घेतला, कोन टेकवला, आणि बोटं लटलटायला लागली. तिनं कोन खाली ठेवला.

"कोन काय शोभेला आणलाय?" अदीबाची खाला, म्हणजे मावशी, म्हणाली. बायका हसल्या.

तो शब्द आला. येऊ दे. रुक्सारनं डोळे मिटले, सकाळी भिंतीला टेकावी तशी. श्वास आला, गेला. छातीतली धडधड थांबली नाही, पण तिच्या पलीकडचं जाणवायला लागलं. अदीबाचा हातही थरथरत होता.

"भ्या वाटतंय?" तिनं हळूच विचारलं.

"लई," अदीबा पुटपुटली.

"मला बी. असं कर, श्वास हळूहळू सोड. तू सोडशील तवा मी रेघ ओढीन."

अदीबानं श्वास सोडला. रेघ निघाली, मनगटाशी जरा झुकली.

"वाकडी गेली का गं?" खाला पुढं वाकली.

रुक्सारनं मान वर केली नाही. "नाय खाला. तिथं पान येणार हाय." आणि ती अदीबाच्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली.