सातव्या पायरीवरचा वाचक

ताईने रविवारपर्यंतची मुदत दिली होती, आणि ताईची मुदत पुढे ढकलता येत नाही, हे मला बालपणापासून ठाऊक आहे. तिने चाळीस वर्षे शिवणयंत्रे दुरुस्त केली. ती सांगते, मी लिहून घेतो, आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, ते आमच्या संकेतस्थळावर चढवते, अशी तीन वर्षांची वहिवाट. नऊ प्रकरणे झाली होती. दहावे, म्हणजे जुन्या यंत्रात सुई आणि तिच्याखाली फिरून टाका घालणारे शटल यांचा मेळ कसा जमवायचा ते, सर्वांत अवघड. आणि ते ताईच्या डोक्याखेरीज कोठेही नव्हते.

"कुणी वाचतंय का पण ते?" सोमवारी तिने एका यंत्राच्या पोटात हात घातलेल्या अवस्थेत विचारले. "भिंतीशी बोलायची मला हौस नाही. रविवारपर्यंत एक तरी माणूस दाखव, सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलेला. नाही दाखवलास तर दहावं प्रकरण विसर."

मी अर्थातच वाद घातला. उत्तम गद्य वाचकाची वाट पाहत शंभर वर्षे थांबू शकते, असे मी सप्रमाण मांडले.

"गद्य थांबेल. मी थांबणार नाही," ताई म्हणाली.

मंगळवारी भाचीने तोडगा काढला. "मामा, मोजणी लावूया. प्रत्येक पानात चार ओळींचा कोड टाकायचा. मग कोणतं पान उघडलं, त्यावर कोणी किती वेळ थांबलं, तिथून कुठे गेलं, सगळं दिसतं."

"कोण आले, हेही?"

"नाव कळत नाही. आणि कळूही नये. नुसता एक हिरवा ठिपका."

वाचकांच्या समुदायाला ती 'ट्रॅफिक' म्हणत होती, आणि हा शब्द बैलगाड्यांना शोभेल, वाचकांना नव्हे, हे मी तिला समजावून सांगत असतानाच ती कोड टाकून मोकळी झाली. दुरुस्तीच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र पान असावे हा आग्रह माझा होता. पूर्वी तो दोघींनी हसण्यावारी नेला होता. आता त्यामुळेच वाचक कोणत्या पायरीवर आहे हे दिसणार होते. मी ही गोष्ट दोघींच्या नजरेस आणून दिली. दोनदा.

बुधवारी संध्याकाळी आकडा आला: दोनशे चौदा! मी खुर्चीतून उठलोच. ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि आकडा पुन्हा वाचायला लावला. भाची मात्र पडद्याकडे पाहून ओठ चावत होती.

"मामा, आज सकाळपासून तुम्ही काय करत होतात?"

"स्वल्पविराम तपासत होतो."

"संकेतस्थळावर?"

"मग काय आकाशात?"

दोनशे अकरा वेळा मीच आलो होतो. ताई इतकी हसली की तिच्या हातातला स्क्रू फडताळाखाली गेला. भाचीने आमच्या घरून होणाऱ्या भेटी मोजणीतून वगळल्या आणि तीन उरल्या. पण त्या तीन खऱ्या होत्या! तीन अनोळखी माणसांनी कोठूनतरी येऊन शटल साफ करण्याचे प्रकरण उघडले होते. मला त्या रात्री जेवण गोड लागले.

शनिवारपर्यंत तिघांचे सात झाले. पण शनिवारी भाचीने त्यांच्या वाटा काढून दाखवल्या, तेव्हा माझा उत्साह मावळला. सातही जण पहिल्या पायरीपासून नीट चालत आले होते. सातही जण सातव्या पायरीवर अडखळले, मागे गेले, पुन्हा सातवीवर आले, आणि निघून गेले. पुढच्या तीन पायऱ्या कोणीही पाहिल्या नव्हत्या.

ताईने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मला शिकवता येत नाही. एवढंच ना?"

"तसे नाही, ताई."

"तसंच आहे. सात जणांनी यंत्र उघडलं आणि उघडंच टाकून उठले. त्यांच्या घरात शिव्या पडत असतील मला." ती उठून आत गेली.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास भाची ओरडली, "आई! मामा! आत्ता आलंय कुणीतरी!"

ठिपका पहिल्या पायरीवर होता. दोरा आणि सुई काढणे. दीड मिनिटात तो दुसरीवर गेला: हातचाक फिरवून सुई अगदी वर आणणे. मग तिसरी, आणि तेथे तो थबकला. दोन मिनिटे. चार. सहा.

"पान उघडं टाकून गेला वाटतं," भाची म्हणाली.

"गेला नाही." ताई नकळत आमच्या मागे येऊन उभी होती, हात फडक्याला पुसत. "सुईखालची पट्टी काढतोय. जुन्या यंत्राचे ते स्क्रू गंजून बसतात. अरे बाबा, तेल सोड थेंबभर, घाई नको करू."

आठव्या मिनिटाला ठिपका चौथीवर सरकला. भाचीने टाळी वाजवली.

"आता शटल धरणारं कडं काढलं. शटल हातात आलं," ताई म्हणाली. पाचवीवर ठिपका रेंगाळला. "पुसतोय. दोऱ्याचा कचरा निघतोय बघ किती! वर्षानुवर्षांचा असतो तो." जणू तो माणूस आमच्याच टेबलाशी बसला होता. सहावी. तेलाचा थेंब. आणि सातवी.

आम्ही तिघेही श्वास रोखून होतो. एक मिनिट झाले. ठिपका सहावीवर परत गेला. पुन्हा सातवी. मग थेट पाचवी.

"शटल बसत नाहीये त्याला," ताई पुटपुटली. "कडं लागत नाहीये. का लागत नाहीये? वाच रे सातवी, मोठ्यानं."

मी वाचले: "'स्वच्छ केलेले शटल आपल्या जागी अलगद स्थापावे, त्यावर कडे ठेवावे आणि दोन्ही खटके बंद करावेत.'"

"आणि त्याच्या आधीचं?"

"त्याआधी काही नाही."

"पुन्हा चाक फिरवून सुई वर आणा, हे सांगितलं होतं मी. वही काढ!"

मी वही काढली. ते वाक्य होते. त्यावर माझ्या लाल पेन्सिलीची सरळ, सुबक रेघ होती आणि समासात माझ्याच अक्षरात टीप: 'पुनरुक्ती. दुसऱ्या पायरीत आलेच आहे.'

"अरे पंडिता!" ताईने कपाळाला हात लावला. "पुसताना चाक हलतं! सुई खाली येते, मग शटल कसं बसणार?"

"पण वाचकाने दुसरी पायरी वाचलेली असते," मी म्हणालो. सवय जात नाही.

"त्यानं वाचलीय रे. चाकानं नाही वाचली!"

सात माणसांची उघडी पडलेली यंत्रे माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभी राहिली.

"सांगा लवकर, काय घालू?" भाचीची बोटे कळांवर तयार होती. "पुन्हा सातवीवर आला की त्याला नवं पान दिसेल."

"तदनंतर हस्तचक्र पुनश्च..."

"मामा! तो जाईल!"

"पुन्हा चाक फिरवा, सुई अगदी वर आणा, मगच शटल बसवा," ताईने एका दमात सांगितले, आणि भाचीने एका दमात टाइप करून चढवले. तीन वर्षांत प्रथमच माझ्या नजरेखालून न गेलेले वाक्य प्रसिद्ध झाले.

ठिपका अजून पाचवीवर होता. "ये रे," ताई म्हणत होती, "ये पुढे, माझ्या राजा." तो सहावीवर आला. थांबला. सातवीवर आला. एक मिनिट. दोन. भाचीने डोळे मिटून घेतले. तीन.

"आठवी!" मी ओरडलो. होय, मीच ओरडलो, आणि शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावून पाहिले. "आठवी, ताई, आठवी!"

मग नववी. मग दहावी, जेथे दोरा ओवून चाचणीची शिलाई मारून पाहायची असते. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तेलाची पाच बोटे माझ्या सदऱ्यावर उमटली. चार मिनिटे ठिपका तेथे स्थिर होता. मग तो विझला.

"गेला," भाची म्हणाली.

"गेला कसला? शिवायला बसलाय."

ताईने स्टूल ओढले आणि माझ्यापुढे कोरे पान टाकले. "लिही. दहावं प्रकरण. सुई अगदी खाली न्या. जरा वर घ्या. पुन्हा खाली न्या. पुन्हा जरा वर घ्या."

मी चारही वाक्ये जशीच्या तशी लिहिली. मग राहवले नाही म्हणून विचारले, "'जरा' म्हणजे नेमके किती?"

ताई माझ्याकडे पाहतच राहिली. "तीन वर्षांत," ती म्हणाली, "पहिल्यांदा कामाचं विचारलंस," आणि मापपट्टी शोधायला उठली.