गवत म्हणाल तर याद राखा!

मी एक जुना लव्हाळा आहे. मित्रांनो, 'गवत' म्हणायला तोंड उघडलंत ना? मिटा. माझी काडी दोन बोटांत फिरवून पाहा. गवताची गोल फिरते, माझ्या तीन कडा बोटांना लागतात. एवढी साधी गोष्ट आमच्या माळीकाकांना वीस वर्षं कळली नाही.

बागेच्या खालच्या कोपऱ्यात, गळक्या नळापाशी मी वाढलो. पाय कायम चिखलात. लोकांच्या लेखी दलदल, माझ्या लेखी राजवाडा. बुडाशी बेडूक झोपत, शेंड्यावर चतुर झोके घेत. काका मात्र खुरपं घेऊन येत आणि म्हणत, "मेलं हे तण, हात धुऊन मागे लागलंय!" कोण कुणाच्या मागे लागलं होतं, ते बेडकांना विचारा.

अखेर त्यांनी आमचं कुळ उपटलं आणि तिथे हिरवळ लावली. ती कुजली. पुन्हा लावली, पुन्हा कुजली. माती वाहून थेट फाटकाबाहेर जाऊ लागली. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, हा कोपरा सावरा, नाहीतर मी दुसरा माळी बघते." काकांचं तोंड एवढंसं झालं.

नळामागे एकच ठोंब वाचला होता, तो मी. बाईंच्या नणंदेने माझी काडी फिरवून पाहिली. "अहो काका, हा लव्हाळा! हाच तर माती धरून ठेवतो. आणि तुम्ही यालाच उपटलंत?"

काका ओशाळले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला गुलाबांशेजारी, उंच कोरड्या वाफ्यात बसवलं. वर शेणखत. "राजा, आता तुला काही कमी पडणार नाही." मित्रांनो, खुरप्याने मेलो नाही, तो लाडाने मरायला टेकलो! पानं पिवळी पडली. काका रोज काकुळतीने विचारत, "काय हवंय रे तुला?" अहो, चिखल! पण सांगणार कसं?

एकदा नळ बंद करायला गेले आणि त्यांची चप्पल रुतली. ती ओढायला वाकले तर समोर माझ्याच जुन्या मुळाचा कोंब, खत नाही की निगा नाही, हिरवागार उभा. काकांनी कपाळावर हात मारला. एका चपलेनिशी धावत आले, मला उपटलं, चार भाग केले आणि चिखलात लावलं. उपटलं गेल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

आता कोपऱ्यातली माती जागची हलत नाही, आणि काकांची नोकरीही. मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याच्यावर करायची त्याला काय हवं ते आधी बघा.

ती चप्पल अजून आमच्या मुळांत आहे. काका मागत नाहीत, आम्ही सोडत नाही.